रांगीटोटोला आई-बाबांना न्यावं का?

साठी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून एका दिवसात रांगीटोटो हे ज्वालामुखीचं बेट जमेल का, असं विचारलंय. जमेल की! बोटीने जेमतेम २५ मिनिटं, शिखर फक्त २५९ मीटर. धक्क्यापासून वर जायला तासभर धरा, ज्येष्ठांना दीड.

चढापेक्षा त्रास होतो तो उन्हाचा. बेट जेमतेम ६०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून वर आलेलं, माती जवळपास नाहीच. नुसता काळा, खरबरीत लाव्हा, आणि तो दुपारी तव्यासारखा तापतो. आपल्या सह्याद्रीचा दगडही बेसाल्टच, पण त्याला साडेसहा कोटी वर्षांचा पाऊस लागलाय, हा अजून धारदार आहे. आमच्या बाबांनी हट्टाने सँडल घातल्या आणि परतताना लंगडत आले. बूटच घाला.

बेटावर दुकान नाही, त्यामुळे प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि डबा घरूनच न्यावा. आम्ही थालीपीठ-दही नेलं होतं. (दही सांडलं, असो.) बोटीत चढण्यापूर्वी बूट घासून घ्या, पिशव्या तपासा. उंदीर-मुंग्या बेटावर जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे, आणि तो रास्तच आहे.

वाटेत लाव्हाच्या गुहांचा फाटा लागतो. टॉर्च असेल तरच वळा, आत वाकून जावं लागतं. आईंना गुहेबाहेर सावलीत बसवलं तरी चालेल. डिसेंबरात गेलात तर पोहुतुकावा हा तिथला वृक्ष लालभडक फुललेला असतो.

शेवटच्या बोटीची वेळ मात्र आधीच बघून ठेवा. ती चुकली तर बेटावर मुक्कामाची सोय नाही.