पेटीवरचं लॅली हे आडनाव आयरिश आहे का? (भुसावळ)

तापीचं_पाणी
नमस्कार मंडळी. आमच्या घरी एक सागवानी पेटी आहे. आजोबा भुसावळला लोको शेडमधे फिटर होते, गोरे आणि अँग्लो इंडियन लोक क्वार्टर सोडून जायला लागले तेव्हा त्यांचं सामान लिलावात निघायचं, त्यातली ही. आई त्यात गोधड्या ठेवते. दिवाळीच्या साफसफाईत झाकणाच्या आतून पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं दिसलं, एल ए डबल एल वाय, आणि खाली जीआयपीआर (म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) भुसावळ. पहिलं नाव पण होतं पण तिथेच कोणीतरी नवीन कडी ठोकलीय त्यामुळे ते खरवडलं गेलंय. शेजारचे काका म्हणतात हे आयरिश नाव आहे आणि तिकडेही फार थोड्या लोकांचं असतं. नेटवर आडनावांचा नकाशा बघितला तर आयर्लंड आहेच पण भारत, कॅनडा, इंग्लंड पण रंगवलेलं. मग मूळ नेमकं कुठलं? कोणाला माहिती असेल तर सांगा.

केळीवाला_रावेर
दादा हे पंजाबी नाव आहे. आमच्याकडे केळी भरायला पंजाबच्या गाड्या येतात, एका ट्रकच्या मागे मोठ्ठं लाली लिहिलेलं असतं आणि इंग्रजीत हेच स्पेलिंग. ड्रायव्हर सरदारजी. आयरिश बियरिश काही नाही.

गिरणाकाठ
केळीवाला भाऊ, तुमचं पण खरं आहे आणि काकांचं पण. पंजाबात जाटांमधे लाली आहेत, ते कॅनडा इंग्लंडला गेले आणि तिथे इंग्रजीत हेच स्पेलिंग करतात. आयरिश लॅली वेगळे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त स्पेलिंग जुळलं. जगाच्या नकाशाला दोघांतला फरक कळत नाही, तो नुसता डोकी मोजतो, म्हणून त्यावर मूळ शोधू नका.

आयरिश नावाचं मूळ रूप ओ मोललाली असं काहीसं, ओ म्हणजे अमक्याचा नातू किंवा वंशज. इंग्रजांच्या राज्यात अशा बऱ्याच नावांचा ओ गळाला. या नावाची इंग्रजीत दोन रूपं झाली, एक मुलाली आणि दुसरं तोडून लॅली. (फोर्डचा अ‍ॅलन मुलाली आठवतो का, ज्याच्या काळात २००८ ला जग्वार लँड रोव्हर टाटांना विकली, ते नाव याच मुळाचं.) घराणं पश्चिम आयर्लंडचं, गॉलवे परगण्यात ट्यूम गावाच्या उत्तरेला टलीनाडाली म्हणून जागा आहे तिथले ते सरदार. आजही तिकडचे लॅली बहुतेक गॉलवे आणि शेजारच्या मेयो भागातले. आपल्याकडे नाही का, फिरके, नारखेडे, नेमाडे ऐकलं की यावल-रावेर-भुसावळ पट्टा डोळ्यासमोर येतो, बाकी महाराष्ट्रात विचारलं तर लोक स्पेलिंग विचारतात. तसंच.

आणि गंमत म्हणजे हे नाव तुम्ही शाळेत वाचलेलं आहे! वांदिवाशच्या लढाईत हरलेला फ्रेंचांचा काउंट लाली तो हाच. बाप जेरार्ड ट्यूमकडचा, १६९१ नंतर तिथल्या कॅथलिक सरदारांच्या जमिनी गेल्या तेव्हा फ्रान्सच्या फौजेत गेला. मुलगा १७०२ ला फ्रान्समधेच जन्मला पण पदवी लावली लाली-तोलांदाल, म्हणजे ते टलीनाडालीच फ्रेंच तोंडात गेलेलं. १७५८ ला पाँडिचेरीला उतरला, २२ जानेवारी १७६० ला वांदिवाशला ज्याने त्याला हरवलं तो इंग्रजांचा आयर कूट, तो पण आयर्लंडचाच, लिमरिकचा. १७६१ ला पाँडिचेरी गेली आणि १७६६ ला फ्रेंचांनी सगळं खापर याच्या डोक्यावर फोडून पॅरिसमधे मुंडकं उडवलं. मुलगा आणि व्होल्तेर भांडत राहिले तेव्हा कुठे १७७८ ला तो निकाल रद्द झाला.

अमळनेरची_मुक्ता
मी गॉलवेत राहते, मेडिकल उपकरणांच्या कंपनीत आहे. इथे या गावाला ट्यूम नाही, च्यूम म्हणतात, मी पहिल्यांदा बस ड्रायव्हरला ट्यूम म्हटलं तर त्याने दोनदा विचारलं. गॉलवेपासून उत्तरेला साधारण ३५ किमी. सगळी सपाट हिरवी कुरणं, दगडावर दगड रचलेले कंबरेएवढे बांध आणि मेंढ्या. माझ्या ऑफिसमधे एक लॅली आहे आणि तिला कुठली म्हणून विचारायची गरजच पडत नाही, लोक सरळ "गॉलवे की मेयो" एवढंच विचारतात. इथला फार लाडका नट मिक लॅली (२०१० ला वारला) तो मेयोतल्या टुर्माकेडीचा, १९७५ ला गॉलवेत ड्रुइड नाटक कंपनी काढणाऱ्या तिघांतला एक.

पण दादा तुमच्या पेटीवाला आयर्लंडहून आला असेलच असं नाही हं. रेल्वेतले कित्येक जण दोन-तीन पिढ्या इथेच जन्मलेले असायचे, पणजोबा सैन्यात आलेला आणि आडनाव तेवढं टिकलेलं.

तापीचं_पाणी
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. धन्यवाद सर, मुक्ताताई. मग याचं घर शोधायचं तर कागद कुठे बघायचे? पहिलं नाव तर वाचता येत नाही.

गिरणाकाठ
आधी मोबाईलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून तिरपा मारा आणि मग फोटो काढा, ऑइलपेंट खरवडला तरी कडा उंच राहतात. पहिलं नाव मिळालं तर निम्मं काम झालं.

नंतर भारतातलेच कागद बघा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याच्या) दप्तरात आहेत. कॅथलिकांच्या नोंदी मात्र त्यात सगळ्या गेलेल्या नसतात आणि लॅली कॅथलिक असायची शक्यता जास्त, म्हणून भुसावळच्या कॅथलिक चर्चमधे फादरना भेटून जुनी रजिस्टरं दाखवतात का ते विचारा. तिथे बापाचं नाव सापडल्याशिवाय आयर्लंडकडे वळू नका, नाहीतर गॉलवेतले सगळेच लॅली तुमचे होतील.

अमळनेरची_मुक्ता
बरोबर. आणि इकडचे १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे फॉर्म ऑनलाइन फुकट बघता येतात, घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धर्म, वाचता येतं का, सगळं. त्याआधीचं मिळणं कठीण, १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधे दफ्तरखाना जळाला त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना गेल्या, पुढच्या काही तर सरकारनेच नष्ट केल्या. म्हणून इथले लोक ग्रिफिथची जमीनमोजणी बघतात, १८४७ ते १८६४ ची, त्यात कुळाचं नाव आणि वाडी मिळते. आपला सातबारा समजा, फक्त एकदाच काढलेला.

पांझरेना_पोऱ्या
सर मी धुळ्याचा. एक शंका. लालीने फ्रेंच सेनापती बुसीला हैदराबादहून परत बोलावलं म्हणून निजाम उघडा पडला आणि उदगीरला सदाशिवरावभाऊंनी त्याला झोडपलं असं वाचलंय. उदगीरच्या तहात असीरगड आणि बऱ्हाणपूर मिळालं. मंग असीरगड लालीनी कृपा शे म्हणायचं का 😄

गिरणाकाठ
😄 कृपा नको म्हणू रे. बुसी १७५८ ला गेला हे खरं, निजामाची फ्रेंच कुमक गेली हे पण खरं. पण ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला तोफखाना चालवला तो इब्राहिमखान गारदीने, आणि तो तयार झाला बुसीच्याच हाताखाली. माणूस पेशव्यांनी आपल्याकडे ओढला होता, त्याचं श्रेय लालीला कशाला द्यायचं? वांदिवाश आणि उदगीर यात दोन आठवड्यांचंच अंतर आहे हे मात्र वर्गात सांगितलं की पोरं जागी होतात.