ऑब्लिगेशनला मराठीत काय म्हणाल?

मुक्ता_प : तत्त्वज्ञ पीटर सिंगरच्या १९७२ च्या निबंधाचा अनुवाद करतेय. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते तेव्हाचा. समोर डबक्यात मूल बुडत असताना कपडे चिखलतील म्हणून कुणी काठावर थांबेल का, हा त्यातला सवाल. त्याच्या मते सुखवस्तू माणसाने दुष्काळग्रस्तांना पैसे देणं चॅरिटी नव्हे, ऑब्लिगेशन. मी 'दान' आणि 'कर्तव्य' लिहिलं. संपादक म्हणतात, आपल्याकडे दान हेच कर्तव्य, मग वाक्यात उरलं काय?

अण्णा : संपादकांचं बरोबर. भूदानात विनोबा 'दानं संविभागः' सांगत फिरले. दान म्हणजे वाटून घेणं.

रानमेवा : विनोबांनी अर्थ लावला म्हणून लोकांनी तो वापरला असं होत नाही. ग्रहणात 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी आली की आमची आजी किडकं धान्य आणि विरलेली लुगडी काढायची. पुण्य तिचं, भुंगे त्यांचे!

तिरपागडा : 'देणं' घ्या. 'समाजाचं देणं लागतो' म्हणतोच की.

मुक्ता_प : 'पैसे देणं हे देणं आहे'. वाचून बघा.

अण्णा : मग 'ऋण'. शुद्ध शब्द असताना देणंबिणं कशाला?

निशिगंधा : शुद्ध म्हणजे संस्कृत का? अरबीत बघा. निसाबाच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात, ती चुकत नाही. मर्जीने द्यायचा तो सदका. सिंगरला हवा तो फरक आयता आहे. आपण मात्र जकातीचा नाका केला.

तिरपागडा : तोही २०१७ ला जीएसटीने उठवला :)

रानमेवा : 'धर्मादाय' राहिलं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्याच लागतात. मर्जीचा प्रश्नच नाही. शब्द दानाचा, काम सक्तीचं.

तिरपागडा : धर्म + आदाय. आदाय म्हणजे घेणे. बिल बघितलं की व्युत्पत्ती पटते.

अण्णा : काहीही! दाय म्हणजे वाटा. त्यावरूनच दायाद, म्हणजे वारस.

बांधावरून : आमच्याकडे अडत्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, हमाली, तोलाईखाली 'धर्मादा' कापायचा. कांदा आमचा, पैसे आमचे, देवळाच्या पायरीवर नाव अडत्याचं.

अण्णा : धर्मादा नव्हे, धर्मादाय.

बांधावरून : पट्टीवर धर्मादाच असायचं.