थायरॉइड काढून चौदा महिने झाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, मी मात्र नाही

आंबेमोहर (ऐरोली)

नमस्कार मंडळी. लिहू की नको, लिहू की नको करत दोन महिने गेले, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४१. मागच्या वर्षी माझा पूर्ण थायरॉइड काढला. गाठी होत्या, उजवीकडची चार सेंटीमीटरच्या वर गेली होती आणि श्वासनलिकेला रेटत होती, आडवं पडलं की घशात कोणीतरी अंगठा ठेवल्यासारखं वाटायचं. कॅन्सर निघाला नाही, देवाची कृपा. ऑपरेशन व्यवस्थित झालं, तेव्हापासून थायरॉक्सिनची (थायरॉइडचं हॉर्मोन) १०० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, एक दिवस चुकवलेली नाही.

पण मी काही पूर्वीची राहिले नाहीये. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरते आणि पुलाचा जिना चढताना मध्येच थांबून मोबाइल बघितल्याचं नाटक करते, कारण नुसतं उभं राहिलं तर मागचे ढकलतात. ऑफिसात बाकीच्या पोरी बिनबाह्यांचं घालून बसतात आणि मी मे महिन्यात शाल पांघरून. वजन ६४ चं ७१ झालंय, खाणं तेच. केस इतके जातात की मोरीची जाळी रोज साफ करावी लागते. रात्री पोटरीत गोळा येतो, मधूनच ओठांभोवती मुंग्या. परवा तर शेजारच्या काकूंचं नावच आठवेना, ज्यांच्याकडे मी दहा वर्षं हळदीकुंकवाला जातेय, लिफ्टमध्ये नुसती हसत उभी राहिले.

डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आले. टीएसएच (थायरॉइड कमी पडला की हा वाढतो) २.१ आहे, एफटी४ (रक्तातलं थायरॉक्सिन) १.७, म्हणजे अगदी वरच्या टोकाला पण रेंजमध्ये. म्हणाले याहून चांगला रिपोर्ट काय असणार, योगा करा, मन रमवा. घरी सासूबाईंचं म्हणणं की आमच्यावेळी असली दुखणी नव्हती. आता मलाच वाटायला लागलंय की मी उगाच कुरकुर करतेय का. असं कोणाला झालंय का?

फलाट नंबर नऊ (ठाणे)

ताई, त्या जिन्यावर माझी बायको पण असंच मोबाइल बघायची, त्यामुळे तुमची नाटकं नाहीत एवढं लिहून घ्या 🙂 तिचा थायरॉइड २०१९ ला काढला. एक विचारू, गोळी नक्की कधी घेता, त्यानंतर चहा किती वेळाने, आणि दुसऱ्या काय काय गोळ्या चालू आहेत? सगळं सांगा, डॉक्टरांना सांगायचं राहिलेलं पण.

आंबेमोहर

उठल्या उठल्या पावणेसहाला गोळी, अनशापोटीच. मग कुकर लावते, सहा-सव्वासहाला चहा होतोच, नवऱ्याची ६.५२ असते त्याच्याबरोबरच घेते. चहाबरोबर कॅल्शियमची गोळी, ऑपरेशननंतर मुंग्या यायच्या म्हणून दिली होती ती चालूच आहे, सकाळची एक रात्रीची एक. बाकी काही नाही. केसांसाठी पार्लरवाल्या ताईंनी एक गोळी सांगितलीय, पण ती औषध नाही, व्हिटॅमिनच आहे.

निसर्गमित्र७७

रसायनं बंद करा. कांचनार गुग्गुळ आणि धण्याचं पाणी, तीन महिन्यांत थायरॉइड मुळापासून बरा होतो. आमच्या मेहुण्याच्या गोळ्या कायमच्या सुटल्या.

खारीबिस्किट (घोडबंदर रोड)

अहो निसर्गमित्र, त्यांचा थायरॉइड काढलाय, गळ्यात शिल्लकच नाहीये तर मुळापासून बरं काय होणार? विहीर बुजवल्यावर मोटार दुरुस्त करून पाणी येतं का? ताई, गोळी एक दिवसही बंद करू नका कोणाच्या सांगण्यावरून. थायरॉइड काढल्यावर शरीरात त्या हॉर्मोनला दुसरा काहीच सोर्स नाही. थायरॉक्सिन अंगात हळूहळू कमी होतं, निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे बंद केल्यावर पहिले काही दिवस माणसाला वाटतं की अरे काहीच झालं नाही, आणि मग ते महागात पडतं. अति झालं तर माणूस बेशुद्ध होऊन आयसीयूत जातो.

बाकी सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये अडकलोय.

लॅबवाली (कोपरखैरणे)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण तुमची ती केसांची गोळी वाचून चहा खालीच ठेवला. पाकीट उलटं करून बघा, बायोटिन लिहिलंय का आणि किती?

आंबेमोहर

हो, बायोटिन १० मिलिग्रॅम. का हो? रोज सकाळी नाश्त्यानंतर घेते. ब्लड टेस्टच्या दिवशी पण घेतली होती, रक्त द्यायला नाश्ता करून अकराला गेले होते. उपाशी यायची गरज नाही असं सांगितलं होतं.

लॅबवाली (कोपरखैरणे)

तेच वाटलं. नीट सांगते. टीएसएच मोजायची बरीच मशिन्स टेस्टमध्येच बायोटिन वापरतात, बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन हे दोन पदार्थ एकमेकांना घट्ट धरतात, त्यावर सगळी मोजणी चालते. आता तुमच्या रक्तातच गोळीचं भरमसाट बायोटिन फिरत असेल तर ते मध्ये घुसून जागा अडवतं आणि मशिनला चुकीचा आकडा दिसतो. गंमत अशी की त्यात टीएसएच खरा असतो त्यापेक्षा कमी येतो आणि एफटी४ खरा असतो त्यापेक्षा जास्त येतो. तुमचा एफटी४ वरच्या टोकाला आहे आणि तुम्ही थंडीने कुडकुडताय, हे जुळतच नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच याचा इशारा दिलाय, पण आमच्या काउंटरवर फॉर्म भरताना कोणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही, कारण तुमच्यासारखंच सगळ्यांना वाटतं ते औषध नाही. सगळ्या मशिन्सना हा प्रॉब्लेम नसतो, तेव्हा लॅबला विचारा. पण सोपा उपाय म्हणजे ती गोळी बंद करून निदान दोन दिवस जाऊ द्या, १० मिलिग्रॅमचा डोस आहे तर मी चार-पाच दिवस म्हणेन, आणि मग परत टेस्ट करा. त्या दिवशी सकाळी लवकर, थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर.

आणि ती चहा-कॅल्शियमची भानगड. कॅल्शियम आणि थायरॉक्सिन पोटात एकमेकांना चिकटतात, गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी उतरत नाही. चार तास अंतर लागतं. लोहाच्या गोळीला पण तेच. चहा तासाभराने.

फलाट नंबर नऊ (ठाणे)

लॅबवाली ताई _/\_ आमच्याकडे पण कॅल्शियमच होतं. बायकोने मग थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घ्यायला सुरुवात केली डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर तीन तासांनी, कारण सकाळी चहाशिवाय तासभर थांबणं तिला जमणारच नव्हतं. आणि बाटली कुठे ठेवता तेही बघा, आमची गॅसच्या वरच्या फळीवर मिसळणाच्या डब्याशेजारी असायची, फोडणीची वाफ थेट बाटलीवर. ही गोळी उष्णता आणि दमटपणाने खराब होते, आपल्याकडे पावसाळ्यात तर पापडसुद्धा डब्यात सादळतात.

खारीबिस्किट (घोडबंदर रोड)

सकाळी म्हटल्याप्रमाणे. वरचं सगळं आधी करा, पण समजा ते सगळं करून टीएसएच खरोखरच चांगला आला आणि तरीही बरं वाटलं नाही, तर तसंही होतं, आणि ते मी भोगलंय. धडधाकट थायरॉइड मुख्यतः टी४ (म्हणजेच थायरॉक्सिन) बनवतो पण थोडा टी३ सुद्धा थेट रक्तात सोडतो, आणि शरीराला खरा कामाचा तो टी३. आपण गोळीतून फक्त टी४ घेतो, त्याचा टी३ लिव्हर, किडनी वगैरे बनवतात. बहुतेकांचं त्यावर छान भागतं. काहींचं नाही भागत, टीएसएच दोनच्या आसपास असताना टी३ खालच्या बाजूला राहतो. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरीचं मत, ती खूश आहे म्हणजे बाकीचा प्रत्येक अवयव खूश आहे असं नाही.

मी एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या) देखरेखीखाली टी४ थोडा कमी करून टी३ ची बारीक गोळी दिवसातून दोनदा घेतली. पहिल्या महिन्यात छातीत अशी धडधड की रात्री उठून बाल्कनीत बसायचो, मग डोस निम्मा केला. आता बरं आहे, डोकं चालतं, जिने चढतो. पण खरं सांगायचं तर माझ्याच ओळखीत एकाला काडीचा फरक पडला नाही. जे अभ्यास झालेत त्यातही निकाल संमिश्रच आहेत. टी३ जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, म्हणून स्वतःहून मागवून खायचा प्रकार नाही. आणि डोस काहीही बदलला तरी टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी, आधी करून पैसे घालवू नका.

निवृत्त मास्तर (नौपाडा)

खारीबिस्किट यांच्याशी सहमत, पण सगळं थायरॉइडच्या माथी मारू नका एवढंच म्हणतो. माझ्या बहिणीचं असंच दोन वर्षं चाललं होतं, शेवटी निघालं काय तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ७. हिमोग्लोबिन ११.८ होतं म्हणून कोणी पुढे बघितलंच नाही. त्यात आम्ही शाकाहारी, बी१२ पण तळाला. केस, दम, थंडी, विसरभोळेपणा, सगळं त्यात बसतं. झोपेत घोरता का तेही घरी विचारा.

मुंग्या आणि पोटरीतले गोळे मात्र मला थायरॉइडचे वाटत नाहीत. थायरॉइडच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसू शकतो, मग कॅल्शियम घसरतं. कॅल्शियम, अल्ब्युमिन, मॅग्नेशियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (या ग्रंथींचं हॉर्मोन), हे एकदमच करून घ्या. कॅल्शियमची गोळी चालू असताना कॅल्शियम बरं दिसेल, म्हणून पीटीएच बघायचं.

जाता जाता, सवय जात नाही म्हणून सांगतो. स्वित्झर्लंडचा कोखर नावाचा सर्जन गलगंड काढण्यात इतका वाकबगार होता की त्याला १९०९ चं नोबेल मिळालं. पण त्यानेच १८८३ मध्ये लिहून ठेवलंय की पूर्ण ग्रंथी काढलेले आपले पेशंट नंतर सुजलेले, मंद, थंडीने गारठलेले दिसले, आणि मग त्याने पूर्ण ग्रंथी काढणंच थांबवलं. तेव्हा गोळी नव्हती. पण बघा, तो पेशंटना पुन्हा बोलावून स्वतःच्या डोळ्यांनी तपासत बसला म्हणून त्याला ते कळलं.

आंबेमोहर

सगळ्यांचे मनापासून आभार, थोडं उशिरा लिहितेय, टेस्ट करून मगच यायचं ठरवलं होतं.

केसांची गोळी बंद केली, पाच दिवसांनी सकाळी सातला रक्त दिलं, त्याच लॅबमध्ये, मुद्दाम. टीएसएच ९.६. एफटी४ १.०. काउंटरवरच दोनदा वाचला, रिक्षात बसून परत वाचला आणि रडले, म्हणजे वाईट वाटून नाही, कसं सांगू, आकडा वाईट आला म्हणून आनंद होतो का कोणाला? मला झाला. घरी येऊन सासूबाईंसमोर कागद ठेवला, त्यांनी चष्मा लावून वाचला आणि काही न बोलता माझा चहा एक तास उशिरा करायला घेतला. आता रोजच तसं चाललंय.

फेरिटिन ९ आहे (मास्तर, नमस्कार स्वीकारा). कॅल्शियम ८.३, पीटीएच अगदी खालच्या काठावर. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, वाशीला. त्यांनी गोळीची बाटली बघायला मागितली, पहिल्यांदाच कोणीतरी. म्हणाले डोस आत्ता वाढवायचा नाही, १०० च राहू दे पण नीट पोटात जाऊ दे, कॅल्शियम दुपारी आणि रात्री, सोबत व्हिटॅमिन डीचं कॅप्सूल, लोहाची गोळी संध्याकाळी साडेपाचला, दुपारच्या आणि रात्रीच्या कॅल्शियमच्या मधोमध. सात आठवड्यांनी परत टेस्ट, तेव्हा वाटलं तर ११२ करू. टी३ चं विचारलं, तर म्हणाले आधी टी४ तरी पुरता मिळतोय का ते बघू, मग बोलू. पटलं.

साडेतीन आठवडे झालेत. पोटरीतले गोळे जवळपास गेले. जिना अजून एका दमात होत नाही पण मोबाइल काढायचा विसरले दोनदा. केस जातायत तसेच जातायत.

एक राहिलंच विचारायचं. आवाज. बोलते ठीक, पण वरची पट्टी लागतच नाही, गणपतीत आरतीला मी घरात सगळ्यात वर असायचे, यंदा मध्येच हवा निघाल्यासारखं झालं. हे पण गोळीने येईल का?

निवृत्त मास्तर (नौपाडा)

थायरॉइड कमी असला तरी आवाज जड होतो, तो येईल कदाचित. पण नुसती वरचीच पट्टी जात असेल तर स्वर ताणणाऱ्या स्नायूची एक बारीक नस असते, ती थायरॉइडजवळूनच जाते. टीएसएचची वाट न बघता ईएनटीकडून कॅमेऱ्याने स्वरयंत्र बघून घ्या, आणि त्यांना फक्त बोलून दाखवू नका, गाऊन दाखवा.