मदत हवी आहे: मांजराने खार पकडली, हलत नाहीये, काय करू??

सुमेधा_क
अर्जंट आहे. आमच्या चिंगीने आत्ता बाल्कनीतून खार पकडून आणली, तिच्या तोंडातून कशीबशी सोडवली. श्वास चाललाय पण पळत नाहीये, नुसती एका कुशीवर पडलीये. जवळच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. बशीत दूध ठेवलंय, तोंड लावत नाहीये. ड्रॉपरने पाजू का? प्लीज लवकर सांगा.

रानवाट
कुठे राहता? पिल्लू आहे की मोठी? रक्त येतंय का? किती वेळ झाला? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही. दूध आधी उचला तिथून. आणि ड्रॉपर अजिबात नको, अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या तोंडात काही ओतलं की ते फुप्फुसात जातं आणि त्यानेच मरतात बिचारे.

आबा६२
हळद आणि खोबरेल लावा. आमच्या गावी घारीच्या तोंडून पडलेली खार मी अशीच वाचवली होती. नंतर दोन वर्षं घरातच होती, माझ्या सदऱ्याच्या खिशात बसायची.

सुमेधा_क
मोठी आहे, डोळे उघडे आहेत. पाऊण तास झाला असेल. रक्त कुठेच नाही, फक्त पाठीवरचे केस चिंगीच्या लाळेने चिकटून त्याच्या बटा झाल्यात आणि शेपटीचे थोडे केस गेलेत. जखम नाही म्हणजे घाबरून पडलीये ना? मग थोड्या वेळाने खाली आंब्यापाशी सोडून देऊ?

विभावरी_
नाही ताई, सोडू नका!! मी बरीच वर्षं जखमी पक्षी-प्राण्यांचं काम करते आणि हीच चूक सगळ्यात जास्त बघते. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, छिद्र बारीक पडतं आणि केसांखाली लगेच मिटतं, म्हणून रक्त दिसत नाही. मांजराच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, ते आत गेले की दिसायला बरी वाटणारी खार एक-दोन दिवसांत जाते. मांजराच्या तोंडात गेली होती एवढं पुरे आहे, जखम दिसो न दिसो अँटिबायोटिक आजच सुरू व्हायला हवं, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं, जेमतेम शंभर ग्रॅमच्या जिवाला घरातल्या गोळीचा तुकडा देऊ नका.
तोवर बुटांचं खोकं घ्या, भोकं पाडा, आत जुना सुती टीशर्ट. टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा म्हणजे गरम वाटलं तर तिला सरकता येईल. खोकं बंद करून अंधाऱ्या खोलीत, आणि सारखं उघडून बघू नका. हळद, तेल काही लावू नका, केस तेलकट झाले की अंगातली ऊब टिकत नाही.

आबा६२
हळदीने कधी कुणाचं वाईट झालेलं मी बघितलं नाही.

रानवाट
आबा, जखम आतून पिकते, वरून हळद लावून तिथे पोचत नाही हो. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानटी जनावर घरी ठेवता येत नाही. ताई, बावधनला रेस्क्यू ट्रस्टवाले आहेत, तिकडे घेऊन जा.

सुमेधा_क
बावधन पुण्यात ना? मी नाशिकला आहे, इंदिरानगर.

विभावरी_
मग वनविभागाचा १९२६ लावा, अख्ख्या महाराष्ट्रासाठी आहे. मांजराने पकडली हे आधी सांगा.

टेरेस_बाग
आमच्याकडे खारींनी सगळे चिकू अर्धे खाऊन टाकलेत. जुन्या सीडी टांगून बघा, चकाकीने येत नाहीत.

माऊप्रेमी
मांजर घरातच ठेवा, चूक मांजराची नाही, बाहेर सोडणाऱ्याची आहे. गळ्यात घुंगरू तरी बांधा.

रानवाट
घुंगरू बांधलेल्या बोक्याने आमच्याकडे बुलबुलाची दोन पिल्लं नेली. बाल्कनीला जाळी हाच उपाय.

आबा६२
रामरायाने पाठीवरून बोटं फिरवली म्हणून खारीला पट्टे आले. असा जीव हाताशी आला तर देवाचंच काम समजा ताई.

गोदाकाठ
आपल्याकडे तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन्ही असतात आबा. ताई, सोडवताना तुम्हाला चावली नाही ना?

सुमेधा_क
हो, अंगठ्याला दात लागलाय. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल का?

गोदाकाठ
आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. खार, उंदीर यांच्यापासून माणसाला रेबीज होत नाही सहसा. टीटी घ्या.

माऊप्रेमी
‘सहसा’वर सोडू नका. आणि चिंगीचं नख लागलं असेल तर तेही सांगा, ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

सुमेधा_क (दुसऱ्या दिवशी)
सगळ्यांचे खूप आभार. १९२६ लागला, तासाभरात वनविभागाचे दादा आले आणि खोक्यासकट घेऊन गेले. त्यांच्या डॉक्टरांनी केस बाजूला केले तर खांद्यामागे टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं निघाली. मी ती झाडाखाली सोडायला निघाले होते हे आठवून रात्रभर डोळा लागला नाही. आज सकाळी फोन केला, औषध सुरू आहे, मागचा डावा पाय अजून ओढतेय पण शेंगदाणा दोन हातांत धरून कुरतडला म्हणाले. मी टीटी घेतलं, रेबीजचं डॉक्टर नको म्हणाले. जाळीवाला गुरुवारी येतोय, तोपर्यंत बाल्कनीचं दार बंद.