पाण्याचा ठसका साधा समजू नका

वर एका ताईंनी विचारलंय की पक्षाघातानंतर बाबा शिरा नीट खातात, पण पाण्याने ठसका लागतो. त्यावर दोघांनी 'चमच्याने थोडं थोडं पाणी पाजत राहा' असं सुचवलंय. ताई, कृपया तसं करू नका. पातळ पाणी घशात झपकन उतरतं आणि अशक्त झालेल्या घशाला श्वासनलिकेचं तोंड वेळेवर बंद करता येत नाही. पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना तर पाणी असं आत जाऊनही ठसका लागत नाही. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर वाटला तरी सावध व्हा. आधी डॉक्टरांना सांगून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. पाणी किती दाट करायचं हे तेच ठरवतील.

मी पुण्यात घरी जाऊन रुग्णसेवा करते. कोथरूडच्या एका आजोबांना त्यांची सून पलंगावर रेलवून भरवायची. मी त्यांना पाठीला उशा लावून ताठ बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. लुळ्या बाजूच्या गालात सकाळचा मऊ भात तसाच होता! म्हणून घास छोटा, मजबूत बाजूने द्या, गिळल्याची खात्री करूनच पुढचा. टीव्ही बंद. जेवल्यावर तोंड पुसून घ्या आणि अर्धा तास तरी आडवं करू नका.

आणि बाबांना बोलता येत नसेल, तर 'वरण देऊ का?' एवढंच विचारा आणि थांबा. मान हलायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांना द्याच.