विंडोज १० चा जुना लॅपटॉप लिनक्स मिंटवर न्यायचाय: प्रिंटर आणि जुन्या मराठी फायलींचं काय?

पाटीपेन्सिल

मंडळी, घरचा लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, न्यायचा आहे. आय५-७२००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० होम. प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

वापर असा: ब्राउझरमधून बँक आणि ईमेल, गमभन पद्धतीने (रोमन अक्षरं टंकून) मराठी टायपिंग, एचपी लेझरजेट १०२० प्रिंटर. शिवाय सोसायटीची इतिवृत्तं आणि पत्रं, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या वर्ड फायली. काही कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, काही श्रीलिपीच्या. त्या एक ओळही न गमावता पुढे न्यायच्या आहेत.

लिनक्सचा मिंट हा प्रकार घ्यायचं ठरवलंय. कोणती आवृत्ती घेऊ, विंडोज शेजारी ठेवू की पुसून टाकू, आणि कुठे अडेल, ते सांगा.

कळफलक

पुसूही नका आणि शेजारीही ठेवू नका. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) घ्या, लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढा आणि एसएसडी तिच्या जागी बसवा. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून कपाटात ठेवा. विंडोज, फायली, फॉन्ट सगळं जसंच्या तसं राहतं. मिंट नाही जमलं तर चार स्क्रू काढून डिस्क परत लावायची. शिवाय या लॅपटॉपचा संथपणा मुख्यतः फिरत्या डिस्कमुळे असणार. तीच डिस्क ठेवून नुसतं लिनक्स टाकलंत तर फारसा फरक जाणवणार नाही.

डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये दोन गोष्टी करा. पहिली, सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा. होम आवृत्तीतही ते कधी कधी चालू असतं. असेल तर बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. ते राहिलं तर पुढे डिस्क लिनक्समध्ये उघडताना रिकव्हरी की मागेल. दुसरी, शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा. साध्या शट डाउनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. मग लिनक्स ती डिस्क एकतर उघडतच नाही किंवा फक्त वाचायला देतं.

आवृत्ती: ४ जीबीवर मिंट २२ मालिकेतली एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची. रॅम ८ जीबी करणार असाल तर सिनॅमन, म्हणजे जरा जड डेस्कटॉपची. रॅम विकत घेण्यापूर्वी स्लॉट रिकामा आहे का आणि डीडीआर३एल आहे की डीडीआर४, ते मागचं झाकण उघडून बघाच. दोन्ही प्रकार या प्रोसेसरबरोबर येतात. २२ मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आयएसओ फाइल (ज्यातून मिंट इन्स्टॉल होतं ती) उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक केलं की तो आकडा काढता येतो. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते आणि माणूस विनाकारण डिस्कला दोष देत बसतो. मग विंडोजमध्येच रुफस या प्रोग्रॅमने त्या फाइलचा पेनड्राइव्ह बनवा. विचारलं तर आयएसओ पद्धत निवडा, त्याने बूट झालं नाही तरच डीडी.

बूट मेनूसाठी लॅपटॉप सुरू करताना डेल, लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. पेनड्राइव्हवरून मिंट चालू झालं की लगेच इन्स्टॉल करू नका. अर्धा तास वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड बघा, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का तेही. वेग मात्र इथे जोखू नका, पेनड्राइव्ह संथच असतो. सगळं ठीक वाटलं की इन्स्टॉल करताना ‘मल्टिमीडिया कोडेक’वर खूण करा आणि ‘इरेज डिस्क’ निवडा. आत फक्त नवी एसएसडी असल्यामुळे तो पर्याय इथे निर्धास्तपणे घेता येतो.

शाईदौत

प्रिंटरबद्दल. लेझरजेट १०२० मिंटवर नीट चालतो, पण एका पायरीवर बहुतेक जण अडतात.

या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवलेलं नसतं. दर वेळी वीज लागली की संगणकाने ते त्याला पाजावं लागतं. विंडोजमध्ये ड्रायव्हर ते गुपचूप करतो. मिंटमध्ये एचपीलिप हे एचपी प्रिंटरांसाठीचं पॅकेज असतं, पण फर्मवेअर वेगळ्या ‘प्लगइन’मध्ये येतं आणि ते मुक्त परवान्याचं नसल्यामुळे आधीपासून दिलेलं नसतं. म्हणून लक्षणं अशी दिसतात: केबल लावली, प्रिंटर यादीत आला, प्रिंट दिली, रांगेत ‘पूर्ण’ असंही दिसलं, आणि कागद जागचा हललाच नाही.

उपाय: सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘एचपीलिप-जीयूआय’ टाका, मेनूतून एचपीलिप टूलबॉक्स उघडा आणि तिथून प्रिंटर जोडा. तो प्लगइन उतरवू का विचारेल, हो म्हणा. त्या वेळी इंटरनेट हवं. मग प्रिंटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा, ही पायरी चुकवू नका. आपोआप जोडला गेलेला त्याच नावाचा दुसरा प्रिंटर यादीत दिसत असेल तर काढून टाका, नाहीतर प्रिंट तिकडे जात राहते.

प्लगइनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती एकच लागते. मिंटच्या मोठ्या अपडेटनंतर प्रिंटर अचानक मुका झाला तर केबल तपासत बसू नका, आधी प्लगइन पुन्हा उतरवा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे कॅनन एलबीपी २९०० असेल तर त्यांच्यासाठी: तो कॅप्ट नावाच्या पद्धतीने बोलतो, तिचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि बसवायला फार किचकट. तेवढ्या प्रिंटरसाठी एखादं विंडोज यंत्र हाताशी ठेवणं बरं.

काना_मात्रा

टायपिंग सोपं आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ टाका, मेनूतल्या ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून पुन्हा आत या. मग आयबसच्या पसंतींमध्ये मराठी भाषेखाली गमभन मिळेल, शिवाय इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स आणि रेमिंग्टनही. लॉगआउट केलं नाही तर एका प्रोग्रॅममध्ये मराठी उमटतं आणि दुसऱ्यात नाही, असा घोळ होतो. भाषा बदलायला विंडोज चिन्हाची कळ आणि स्पेस.

घरात कुणी इन्स्क्रिप्टवर असेल तर कीबोर्डच्या लेआउटमध्येच मराठी जोडता येतं, वेगळं काही लागत नाही. ‘वाऱ्यावर’मधला र तिथेही तसाच: शिफ्ट-जे, डी आणि मग य.

आता फायली. खरी काळजी इथेच घ्यायला हवी.

कृतिदेव आणि श्रीलिपीच्या फायलींत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसेल तर लिब्रेऑफिसमध्ये चिन्हांचा कचरा दिसतो, पण फाइल बिघडलेली नसते. जुन्या डिस्कवरच्या ‘विंडोज’ फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स’ आहे. तिथल्या त्या टीटीएफ फायली मिंटवर आणा, डबल क्लिक करा, इन्स्टॉल म्हणा. लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडलं की मजकूर वाचता येईल.

पण डिस्क काढण्याआधीच, विंडोज चालू असताना, प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ करून ठेवा. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये ओळी वेगळ्या तुटतात, तक्ते सरकतात. मूळ पान कसं होतं याचा पुरावा म्हणून पीडीएफ हवीच.

पुढे संपादन करायचंय ती पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, बदला. फॉन्टनिहाय परिवर्तक मिळतात. कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीला लावला तर काहीच्या काही येतं, तेव्हा आधी मजकुरावर क्लिक करून फॉन्टचं नाव बघा. एकाच पत्रात दोन फॉन्ट असतील तर तुकडे वेगळे करा.

बदलल्यावर वाचून काढायचंच. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, कारण ती दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. ‘दिवस’सारखा शब्द बहुतेक परिवर्तक बरोबर उचलतात, ‘स्थिती’ किंवा ‘उपस्थित’मध्ये चुकतात, कारण वेलांटीला अर्धा स आणि थ असं दोन्ही ओलांडून जायचं असतं. ती मध्येच अडकली की टिंबांच्या वर्तुळासह लोंबकळताना दिसते. रफाराचं उलट: जुन्या फॉन्टात तो शेवटी टंकतात, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी येतो. म्हणून ‘कार्यकारिणी’, ‘सर्वानुमते’, ‘खर्च’ हे शब्द प्रत्येक इतिवृत्तात शोधून तपासा. आकडेही बघा, रकमेतली एक चूक महागात पडेल.

लिब्रेऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडा. मंगल आणि निर्मला हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट, मिंटसोबत येत नाहीत. नव्या पत्रांना नोटो देवनागरी किंवा मुक्त घ्या, दोन्ही मोफत आहेत.

दुसरी_बाजू

एसएसडीचा सल्ला उत्तमच. पण कुणाला एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायची असतील तर तेही होतं. विभाग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा, फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समधून कायमचं बंद करा. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर धरतं, विंडोज स्थानिक. मिंटच्या टर्मिनलमध्ये इंग्रजीत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की दोघांचं जुळतं. मिंटच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असेल. ते ‘एएचसीआय’ करण्याआधी विंडोज एकदा सेफ मोडमध्ये जाईल अशी सोय करून ठेवा, नाहीतर विंडोज उघडणार नाही.

सोसायटीचे हिशेब टॅलीत असतील तर ते विंडोजसाठीच आहे. मॅक्रो असलेल्या एक्सेल फायलीही लिब्रेऑफिसमध्ये भरवशाने चालत नाहीत. अशा कामापुरतं विंडोज १० ठेवायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याने वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. पीडीएफ करायला घेतल्यात. हिशेब वहीत आहेत, टॅली नाही. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिलं: आवाज, कॅमेरा, टचपॅड ठीक, वायफाय मात्र दिसतच नाही. चिप ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू आहे.

कळफलक

या चिपचा ड्रायव्हर मुक्त परवान्याचा नाही, म्हणून सुरुवातीला मिळत नाही. इन्स्टॉल झाल्यावर अँड्रॉइड फोन केबलने लावा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मिंटला लगेच इंटरनेट मिळेल. मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉम निवडा, लागू करा.

सिक्युअर बूट चालू असल्यामुळे त्या वेळी, किंवा इन्स्टॉल करताना कोडेकवर खूण केल्यावर, एक पासवर्ड ठरवायला सांगेल. तो कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येईल. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडा, ‘कंटिन्यू’ करा, तोच पासवर्ड द्या. हा पडदा काही सेकंदच थांबतो. कळ दाबली नाही तर तो निघून जातो, लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो आणि वायफाय तसंच बंद राहतं. तसं झालं तर ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, पासवर्ड परत विचारेल.

वायफाय लागलं की अपडेट मॅनेजर एकदा पूर्ण चालवा आणि टाइमशिफ्टमध्ये (मिंटची चालती स्थिती जपून ठेवणाऱ्या साधनात) पहिला स्नॅपशॉट घ्या. प्रिंटरचं त्यानंतर.