सिरोसिसमध्ये वजन तेवढेच आहे, पण दंड-मांड्या वाळत आहेत. डाळ बंद करावी का?

पंचवटीकर यांचा प्रश्न:
माझ्या वडिलांना लिव्हर सिरोसिस (यकृत कठीण होऊन हळूहळू निकामी होण्याचा आजार) असून अधूनमधून पोटात पाणी होते. वजनात फारसा फरक नाही, परंतु दंड आणि मांड्या वाळल्या आहेत व खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. मध्यंतरी रक्तात अमोनिया (प्रथिनांच्या पचनातून तयार होणारा घातक पदार्थ) वाढून त्यांना भ्रम झाला, तेव्हापासून घरची वडीलधारी मंडळी डाळ, पनीर आणि अंडी बंद करा असा आग्रह धरत आहेत. सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी सार्कोपेनिया, म्हणजे स्नायूंची झीज, असल्याचे सांगितले. या झिजेने आजाराच्या पुढच्या वाटचालीत काय फरक पडतो? शिवाय दरवर्षी ते नवरात्राचे नऊ दिवस उपवास करून वणीच्या गडावर जातात, त्याचे काय करावे?

आहारतज्ज्ञ, गंगापूर रोड:
कृपया डाळ बंद करू नका. रक्तातील अमोनिया निकामी करण्याचे काम यकृत नीट करू शकत नाही, तेव्हा त्यातील बराचसा भार स्नायू उचलतात, त्यामुळे स्नायू घटले की भ्रमाचा धोका उलट वाढतो; आणि वाढलेला अमोनिया पुन्हा स्नायूंची वाढ रोखतो, असे हे दुष्टचक्र आहे. भ्रम झालेल्या रुग्णांनाही प्रथिने कमी करू नयेत, असेच आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दररोज प्रतिकिलो 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. हा हिशेब पोटातील आणि पायांतील पाणी वजा करून धरलेल्या वजनावर करायचा असतो, कारण पाण्याचे वजन झीज झाकून टाकते आणि काट्यावर विसंबलेले कुटुंब गाफील राहते.

परिणामांविषयी स्पष्ट लिहिते: झीज असलेल्या सिरोसिसच्या रुग्णांत जंतुसंसर्ग, वारंवार रुग्णालयात भरती होणे आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळते, तसेच यकृत प्रत्यारोपणानंतर सावरायलाही वेळ लागतो. प्रत्यारोपणाचा क्रम ठरवताना वापरल्या जाणाऱ्या मेल्ड गुणांकात मात्र बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर आणि सोडियम या रक्ततपासण्यांचा विचार होतो, स्नायूंचा थेट होत नाही. म्हणून ही बाब डॉक्टरांनी स्वतःहून सांगितली, हे मला फार मोलाचे वाटते.

फिजिओथेरपिस्ट, नाशिकरोड:
आहाराला हालचालीची जोड हवी. खुर्चीतून उठणे-बसणे, सपाट रस्त्यावर चालणे आणि हलके वजन उचलणे एवढ्यापासून सुरुवात करता येते. मात्र अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांची तपासणी झाली आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारा, कारण जोर लावल्याने त्या फुटू शकतात; श्वास रोखून जड वजन उचलणे टाळावे.

पंचवटीकर:
मनापासून आभार. आजपासून वरण पुन्हा सुरू करतो. उपवासाबाबत कोणी सांगू शकेल का?

आहारतज्ज्ञ, गंगापूर रोड:
सिरोसिसमध्ये यकृतातील साखरेचा साठा अपुरा असतो, त्यामुळे एका रात्रीच्या उपवासानेच शरीराची अवस्था निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखी होते आणि शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून साखर तयार करू लागते. म्हणूनच झोपण्यापूर्वीचा अल्पोपाहार आणि उठल्यावर लवकर न्याहारी यांना मी औषधाइतके महत्त्व देते. रात्री दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, किंवा दह्यासोबत सातूच्या पिठाची थालीपिठे चालतील. मधुमेह असेल तर प्रमाण विचारून घ्या. लोणचे-पापड मात्र नको, कारण मिठाने पोटातील पाणी वाढते.

नऊ दिवसांचा कडकडीत उपवास या अवस्थेत करूच नये. वडिलांची श्रद्धा मोडायची नसेल, तर दर तीन तासांनी दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाणे असे उपवासाला चालणारे पदार्थ द्यावेत. नुसत्या साबुदाण्यावर भागवू नये, त्यात प्रथिने नगण्य असतात. गडावर जायचेच असेल, तर पायऱ्या चढण्याऐवजी फ्युनिक्युलर ट्रॉलीने जाता येते.



सिन्नरकर:
आमच्या आईच्या बाबतीतही नातेवाइकांच्या धास्तीने कित्येक महिने फक्त मऊ भात आणि ताक चालले होते. प्रथिने वाढवल्यानंतर आणि रात्रीचे खाणे सुरू केल्यानंतर ती हळूहळू आधाराशिवाय उठू लागली. वडीलधाऱ्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. आमच्या घरचा विरोध त्यानंतरच मावळला.